सपाट जागा

ठमाबाई गाडीत बसायची ती पाठमोरी. दार उघडलं की आधी सीटवर बैठक टेकायची, श्वास घ्यायचा, आणि मग दोन्ही पाय हातांनी उचलून आत घ्यायचे, खाटेवर घेतात तसे. नवऱ्याची, केसरीनाथची, जुनी फियाट इतकी बुटकी होती की या सगळ्यात कुणाचा हात लागत नसे. केसरीनाथ गेला, गाडी खळ्याच्या कडेला ताडपत्रीखाली गेली, आणि ठमाबाईचे गुडघे दिवसेंदिवस लाकडासारखे होत गेले.

मुलाने, मितेशने, नवी मोठी गाडी घेतली तेव्हा पहिला नारळ आईच्याच हातून फोडला. पण त्या गाडीत पायरीवर पाय ठेवून वर चढावं लागे. एकदा मितेशने आणि शेजारच्या एका पोराने मिळून तिला उचलून आत बसवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलं, गल्लीतल्या बायका बघत राहिल्या. घरी परत आल्यावर ठमाबाई एवढंच म्हणाली, "मी काय सिमेंटची गोन हाय?" आणि त्यानंतर तिने उंबरा ओलांडून कुठे जायचं नावच काढलं नाही.

तिची मोठी बहीण आक्का गणेशपुरीला दिलेली. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. पण हल्ली आक्काच्या कानांनी दगा दिला होता. मशीन बसवून झालं, डॉक्टर झाले, उपयोग शून्य. इकडून ठमाबाई ओरडायची, "आक्का, ऐकतेस ना?" तिकडून आक्का ओरडायची, "कोन? कोन हाय?" असं बराच वेळ चालायचं आणि मग कुणीतरी फोन ठेवून द्यायचं.

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर ठमाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायलाही वळली नाही.

"वयनी, मी नेतो तुला," तुळशीराम म्हणाला.

बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला. तुळशीराम हा केसरीनाथचा धाकटा भाऊ. सुताला कांजी लावायच्या साइझिंगच्या कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झालेला, लग्न राहून गेलेला, खोलीत पुस्तकांच्या थप्प्या रचून त्यांच्या आडोशाला राहणारा. दाराला कडी घातली की नाही हे बघायला तो अंथरुणातून दोनदा उठे. गाडीचं लायसन त्याच्याकडे होतं, पण थोरला भाऊ असेपर्यंत त्याची जागा मागच्या सीटवर. क्वचित कधी स्टिअरिंग हातात आलंच, तर केसरीनाथ हसायचा, "आमचा तुळशी गाडी चालवतो ती गाडीला विचारून विचारून."

ठमाबाईने मान वळवून दिराकडे पाहिलं. "कशात नेतोस?"

"फियाटमधे. ती बुटकी हाय."

"ती चालते?"

"चालवू," तुळशीराम म्हणाला, आणि रात्रभर त्याला झोप लागली नाही.

टेमघरच्या रस्त्यावर शमीम उस्तादचं गॅरेज होतं. केसरीनाथच्या वेळेपासून गाडी त्याच्याच हातची. त्याने ती टोचन लावून नेली, इंजिन खोललं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, पुन्हा बांधलं. खालचं तेलाचं चेंबर गंजून चाळण झालं होतं. तसंच मिळेना, म्हणून भंगार बाजारातून दुसऱ्या मॉडेलचं, जरा खोल असलेलं चेंबर आणून त्याने ते बसवलं. इंजिन चालू झालं. उस्तादने बॉनेटवर थाप मारली आणि मग डोकं खाजवलं.

"काका, सब हो गया. सिर्फ गेजचा लोचा आहे."

गेज म्हणजे डिपस्टिक, चेंबरमधे तेल किती आहे ते बघायची लांब पोलादी पट्टी. गाडीची मूळची पट्टी ठमाबाईच्या वांग्याच्या रोपाला आधार देत परसात उभी होती, हे गाडी नेताना कळलंच होतं. पण ती सापडून फायदा नव्हता. पट्टीवरच्या खुणा जुन्या चेंबरच्या. नव्या, खोल चेंबरला त्या लागू कशा पडणार? उस्तादने तिसऱ्याच कुठल्यातरी गाडीची एक लांब पट्टी शोधून ठेवली होती. ती कापायची, तिचा टेकू बसवायचा, आणि तिच्यावर नव्याने दोन खुणा करायच्या. खालची धोक्याची, वरची भरल्याची.

"इथंच करून टाक ना," तुळशीराम म्हणाला.

"इधर?" उस्तादने पायाखालच्या जमिनीकडे हात केला. रस्त्याच्या कडेचा भराव, एक चाक वर एक चाक खाली. "गेजचा निशान सपाट जागेवरच लागतो काका. जागा तिरछी तर तेल तिरछा, तेल तिरछा तर निशान झूठा. फिर इंजन गया."

"आमचं खळं हाय ना," तुळशीराम म्हणाला. "आमच्या बाबांनी बनवलेलं. त्याच्याएवढी सपाट जागा वळ गावात दुसरी न्हाय."

इतकं ठाम वाक्य त्याच्या तोंडून वर्षातून एखादंच निघे. बोलल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं.

खळं म्हणजे घरासमोरची भात झोडायची जागा. आता भात नव्हतं. शेतांवर गोदामं उभी राहिली होती, त्यांचं भाडं येत होतं, आणि मितेशने खळ्यावर सिमेंटचा कोबा करून घेतला होता. उस्तादने फियाट गल्लीकडे तोंड करून उभी केली. ठमाबाई उंबऱ्यात पाट टाकून बसली.

उस्तादने आधी पट्टी नळीतून खाली सोडली. तळाला टेकल्याचा बारीक आवाज आला. मग बोटाच्या पेराएवढी वर ओढली, नळीच्या तोंडाशी खूण केली, आणि तिथे एक वॉशर झाळून घट्ट बसवला. आता पट्टी कितीही जोरात खुपसली तरी वॉशर नळीवर टेकणार आणि पट्टी दर वेळी तेवढीच आत जाणार. वरचं जादा टोक कापून कानशीने गुळगुळीत केलं.

मग तेल. चालवून बघायला घातलेलं आधी सगळं काढून टाकलं, मग नवं मापाने दोन लिटर ओतलं, इंजिन थोडं चालवलं, बंद केलं, आणि सगळं तेल खाली निथळेपर्यंत तिघं चहा प्यायले. नवं तेल इतकं फिकं की पट्टीवर दिसेचना. उस्तादने खिशातून खडूचा तुकडा काढून पट्टी पांढरी केली आणि पुन्हा आत घातली. बाहेर आली तेव्हा जिथपर्यंत तेल होतं तिथपर्यंत खडू ओला, गडद झाला होता. तिथे त्याने तिकोनी कानशीने एक बारीक रेघ मारली.

"जोरात मार ना, दिसली पाहिजे," तुळशीराम म्हणाला.

"जोरात मारली तर तिथूनच तुटणार. मग ती क्रँकमधे जाणार. मग तुम्ही मला शोधत येणार." उस्ताद हसला. "हलकेच मारायची. बघणाऱ्याने डोळे लावून बघायची."

तिसरा लिटर ओतून पुन्हा तसंच केलं. वरची रेघ पडली. "आता या दोन रेघांच्या मधे तेल असलं, की तुम्ही बिनधास्त दिल्लीला जा."

"गणेशपुरीला जायचं हाय," उंबऱ्यातून ठमाबाई म्हणाली.

तिने त्याच दुपारी पिशवी भरायला घेतली. आक्कासाठी सुका जवळा, कडवे वाल, आणि एक नवं लुगडं.

मितेशला हे सगळं पसंत नव्हतं. तो वाईट मुलगा नव्हता. आईने आपल्या नव्या गाडीत बसायचं सोडलं हे त्याला लागलं होतं, पण ते बोलून दाखवणं त्याला जमत नसे. मग तो दुसरंच काहीतरी बोले.

"काका, गणेशपुरीला जायचा तो अंबाडीचा रस्ता तुला म्हाईत हाय ना? एकेक खड्डा हौदाएवढा. मागून कंटेनर, पुढून कंटेनर. मधेच तुझा डबा बंद पडला तर आईला उन्हात कुठं बसवशील?"

हीच भीती तुळशीरामला स्वतःलाही होती, म्हणून जास्तच लागली. "आधी जरा फिरवून बघतो," तो पुटपुटला.

तो टेमघरपर्यंत जाऊन परत आला. गाडी छान चालली. त्याने तीन वेळा गिअर चुकवला, पण इंजिनाने तक्रार केली नाही. परत आला तर खळ्याच्या तोंडाशी मितेशची गाडी वळवून उभी, त्यामुळे फियाट उलट फिरवायला जागा नव्हती. त्याने ती तशीच सरळ आत घेतली आणि घराकडे तोंड करून लावली.

सकाळी उठल्याबरोबर त्याने पट्टी काढली. पुसली. आत घातली. काढली.

तेल खालच्या रेघेच्याही खाली होतं.

एवढ्याशा फेरीत एवढं तेल? गाडीखाली वाकून पाहिलं, ठिपका नाही. त्याने पट्टी पुन्हा पुसली, पुन्हा घातली. तेच. रेघ आपणच चुकीची वाचतोय का, म्हणून चष्मा बदलून पाहिलं. मग उरलेल्या डब्यातलं तेल थोडं थोडं ओतत, बघत, पुन्हा ओतत, त्याने वरच्या रेघेपर्यंत आणलं. जवळजवळ लिटरभर गेलं.

इंजिन चालू केलं आणि मागून निळा धूर निघाला. आधी थोडा, मग भपकारे. परसातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. दात घासत मितेश बाहेर आला.

"गेलं," तो म्हणाला. "इंजिन गेलं, काका. तेल खातंय. बघ तो धूर."

उस्तादला बोलावलं. तो आला, सायलेन्सरपाशी उकिडवा बसला, काजळीला बोट लावून हुंगलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "रिंगा मी माझ्या हाताने टाकल्या," तो स्वतःशीच म्हणाला. "आवाज तर साफ आहे. समझ में नहीं आता. फिरसे खोलना पडेगा."

"काही खोलायचं न्हाय," मितेश म्हणाला. "एकदा खोललं, झालं तेवढं बस. भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय, रविवारी टेम्पो आणेल. काका, तू मनाला लावून घेऊ नको. पन ही गाडी घेऊन आईला मी त्या रस्त्यावर पाठवनार न्हाय."

यात खोटं काय होतं? तेल खाणाऱ्या गाडीत बसवून वहिनीला न्यायला तुळशीरामही धजावला नसता. तो मान खाली घालून खोलीत गेला. एक पुस्तक उघडलं, पान वाचलं, पुन्हा तेच पान वाचलं. आपण उगाच बोललो, असं त्याला वाटत राहिलं. न बोलणाऱ्या माणसाने एकदा तोंड उघडावं आणि दुसऱ्याच्या मनात आशा लावावी, यासारखं वाईट काही नाही.

शनिवारी सकाळी तो ओट्यावर येऊन बसला तेव्हा ठमाबाईने पिशवी रिकामी केली होती. जवळा परत सुपात पसरून उन्हात ठेवला होता. मग तिने तांदूळ धुतले, आणि धुवण उंबऱ्यातूनच खळ्यावर फेकलं.

दुधासारखं पांढरं पाणी कोब्यावर पसरलं. क्षणभर थांबलं. मग त्याची एक जीभ पुढे निघाली, फियाटच्या पुढच्या चाकांमधून शिरली, गाडीच्या पोटाखालून सरळ मागच्या चाकांपर्यंत गेली आणि तिथून गल्लीच्या बाजूला उतरली.

तुळशीराम त्या पाण्याकडे बघत राहिला.

"वयनी, ते पानी तिकडं कसं गेलं?"

"कसं म्हंजे? उताराने."

"उतार? खळ्याला?"

ठमाबाईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्याने आपलंच नाव विचारलं. "मग? खळ्याला ढाळ नको? अवकाळी पाऊस आला तर पानी वाहून जायला पायजे, न्हायतर भाताची रास भिजली ना. तुझ्या बापाने मुद्दाम ठेवला. मी लगीन होऊन आले, तवा सासूने पयली गोष्ट ती शिकवली. खळं सारवायला घराकडून घ्यायचं, खाली खाली जायचं. खालून सुरू केलं तर शेणकाला वरून येतो आनि पाय माखतात."

"पन कोबा केला तेव्हा..."

"गवंड्याने दोरी धरली ती जुन्या ढाळावरच. मीच सांगितलं त्याला."

"मला कोनी सांगितलं न्हाय."

"तू कवा सारवलंस?" ठमाबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तुळशीराम मात्र उभा राहिला होता. लहानपणापासून या खळ्यावर तो खेळला, झोपला, चांदण्यात पुस्तकं वाचायचा प्रयत्न केला. ते सपाट आहे यावर त्याने कधी शंका घेतली नव्हती. शंका न घेतलेली बहुतेक तेवढी एकच गोष्ट. आणि खुणा केल्या तेव्हा गाडीचं तोंड खाली, गल्लीकडे होतं. पट्टीची नळी चेंबरच्या पुढच्या अंगाला. तेल पुढे गोळा झालेलं, म्हणून रेघा जास्तच वर पडल्या. आणि त्याने गाडी उलटी, तोंड वर करून लावली तेव्हा तेच तेल मागे सरकलं, पट्टीला लागलंच नाही...

त्याने चावी आणली. धूर ओकत ओकत गाडी बाहेर काढली, गल्लीत वळवली, आणि मागे मागे घेत खळ्यावर आणली. तोंड गल्लीकडे. बंद केली आणि तिथेच ओट्यावर गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहिली. मग पट्टी काढली, पुसली, घातली, काढली.

तेल वरच्या रेघेच्या पार वर चढलं होतं. एक थेंबही न ओतता.

त्याचा विश्वास बसेना. त्याने गाडी पुन्हा फिरवून पाहिली. तोंड वर, तेल नेमकं रेघेपाशी. तोंड खाली, तेल रेघेच्या वर. मग आणखी एकदा फिरवली.

"भावजी," ठमाबाई उंबऱ्यातून म्हणाली, "गाडीला फुगडी घालायला शिकवतोस काय?"

"वयनी, इंजिन चांगलं हाय!" तुळशीराम ओरडला. इतक्या मोठ्याने ओरडायची त्याला सवय नव्हती. आवाज फाटला. "इंजिनाने तेल खाल्लं न्हाय! मीच जास्त पाजलं! जास्त झालं म्हनून धूर येतो!"

उस्तादला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधूनही ऐकू आला. "काका, तुम्ही बोललात सपाट है, मैंने मान लिया. बुजुर्ग आदमी, किताबें पढनेवाला. पाणी टाकून बघायला पाहिजे होतं." मग तो म्हणाला, "अब निशान फिरसे करना पडेगा. पण पूरे भिवंडी में सपाट जागा किधर है?"

ती जागा कुठे आहे हे तुळशीरामला ठाऊक होतं. अडचण एवढीच, की तिथे जायला मितेशला विचारावं लागणार होतं.

गावाबाहेर त्यांच्याच जमिनीवरचं मोठं गोदाम सध्या रिकामं होतं. जुना भाडेकरू गेला होता, नवा यायचा होता. त्याची जमीन मशीन लावून घासून केलेली, उंच रॅक उभे राहावेत म्हणून. मितेश ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. तुळशीराम त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, घसा खाकरला, परत जायला वळला, आणि पुन्हा वळला.

"गोदामाची चावी दे."

"कशाला?"

त्याने सांगितलं. खळ्याचा ढाळ, तांदळाचं धुवण, फिरवून पाहिलेली गाडी. मितेशने मोबाइल खाली ठेवला.

"काका, फरशीवर तेल सांडलं तर नवीन पार्टी माझ्या नावाने शिमगा करेल."

"ताडपत्री टाकू."

"आनि समज, एवढं करून इंजिन खराबच निघालं?"

"आपन सगळं तेल काढू," तुळशीराम म्हणाला. बोलताना त्याचे हात एकमेकांत अडकले होते, पण तो थांबला नाही. "माप तू धर. मी किती घातलं ते मला म्हाईत हाय. तेवढंच्या तेवढं बाहेर आलं, तर त्याने काही खाल्लं न्हाय. कमी आलं, तर उद्या टेम्पोवाल्याला चावी मी माझ्या हाताने देईन. वयनीला पन मीच सांगेन."

मितेशने खिशातून चावी काढली. "चल. मी पन येतो."

गोदामावर पंढरी वॉचमन होता, गावातलाच. त्याने फाटक उघडलं आणि फियाट आत शिरताना सलाम ठोकला. "या गोदामात फ्रीज आले, टायर आले, परवा हजारो बाहुल्या आल्या. म्हातारी गाडी पयलीच."

आत हाक मारली तर आवाज घुमत होता. फोन करून बोलावलेल्या उस्तादने खिशातून बेअरिंगची एक गोळी काढली आणि जमिनीवर ठेवली. चौघंही वाकून बघत राहिले. गोळी हलली नाही. त्याने ती उचलून चार पावलं पलीकडे ठेवली. तिथेही हलली नाही.

"हे आपलं खालचं खाचर," तुळशीराम म्हणाला. "इथंच होतं. लावणीच्या आधी बाबा यात पानी सोडायचे आनि बघत बसायचे. कुठं ढेकूळ वर दिसलं की ते दाबायचं, कुठं खोल दिसलं की भर घालायची. पानी सगळीकडं सारखं उभं राहिलं पायजे, तरच भात सारखं येतं."

"मग सपाट जागा हीच होती की," मितेश म्हणाला. "तू उगाच खळ्यावर गेलास."

ताडपत्री अंथरली, वर घमेलं ठेवलं, आणि उस्तादने चेंबरचा नट सोडला. तेलाची धार लागली. ती बारीक झाली, थेंब थेंब झाली, मग थांबली. मितेश उकिडवा बसला. पांढरा शर्ट घातलाय हे तो विसरला होता. घमेल्यातलं तेल फडक्यातून गाळून त्याने माप भरलं. एक. दोन. तीन. तुळशीराम नळीच्या तोंडाकडे बघत होता, कारण मापाकडे बघवत नव्हतं.

"काका," मितेश म्हणाला, "चौथं पन भरलं. काठाला दोन बोटं कमी."

"ती दोन बोटं फिल्टरमधे आहेत," उस्ताद म्हणाला. "वो तो रहेगा ही." आणि त्याने मितेशच्या पाठीवर काळ्या हाताची थाप मारली, म्हणजे शर्टाचं जे काही उरलं होतं तेही संपलं.

पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. दोन लिटर, इंजिन चालू, बंद, निथळायला वेळ, खडू, कानस. तिसरा लिटर मितेशने ओतला. या खेपेला दोन्ही रेघा आधीच्या रेघांच्या बऱ्याच खाली पडल्या. उस्तादने जुन्या रेघा घासून सपाट केल्या. "दोन खरे, दोन खोटे. चार निशान राहिले तर माणूस पागल होतो," तो म्हणाला. मग पट्टी तुळशीरामच्या हातात दिली. "काका, तुम्ही बघा."

तुळशीरामने पट्टी पुसली, खुपसली, काढली. तेल वरच्या रेघेवर नेमकं टेकलं होतं. गाडी धरून ढकलली, उलटी फिरवली, पुन्हा पाहिलं. तिथेच.

इंजिन चालू केलं तेव्हा आधी निळा धूर आलाच. मितेशचा चेहरा पडला. उस्तादने हात वर करून थांबवलं. "पाइपमधला जुना आहे. जळू दे." धूर विरळ होत गेला, राखाडी झाला, आणि मग सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत राहिली. पंढरीने तिथे हात धरून पाहिला आणि म्हणाला, "गरम हाय फक्त."

मितेश बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलला. परत आला तो ताडपत्रीची घडी घालू लागला.

"टेम्पोवाला काय म्हनाला?" तुळशीरामने विचारलं.

"शिव्या घातल्या. काय म्हननार?" घडी काखेत मारून तो म्हणाला, "सोमवारी सकाळी लवकर निघा, गर्दी व्हायच्या आत. मी माझ्या गाडीने मागं मागं येतो."

सोमवारी ठमाबाई खळ्यावर आली ती भिंतीला धरून. फियाटचं पुढचं दार उघडं होतं. तुळशीरामने हात पुढे केला, तो तिने डोळ्यांनीच बाजूला सारला. पाठ फिरवली, बैठक टेकली, श्वास घेतला. मग एक पाय, दुसरा पाय. मांडीवर जवळ्याची पिशवी. समोर बघत म्हणाली, "चल."

मितेश मागच्या गाडीत बसत होता. ती खिडकीतून ओरडली, "ये मागून, पन हॉर्न वाजवू नको. भावजी घाबरतो."

भावजी घाबरलेलाच होता. पहिला कंटेनर बाजूने गेला तेव्हा त्याचे हात स्टिअरिंगला चिकटले. पण खड्डे आले तसे त्याने एकेक चुकवले, न चुकणारे हळू हळू उतरून पार केले. गाडी बुटकी असल्यामुळे ठमाबाईला रस्ता अगदी जवळून दिसत होता आणि ती तो मोठ्याने सांगत होती. "हा उजवीकडे हाय. हा मोठा हाय. ह्याला थांब, म्हैस हाय." केसरीनाथ चालवायचा तेव्हाही ती असंच करायची, आणि तो चिडायचा. तुळशीरामला ते बरं वाटलं. विचारून विचारून चालवणाऱ्या माणसाला सांगणारं कुणीतरी लागतंच. अंबाडी गेली. दोन्ही बाजूंना भातशेतं दिसू लागली, आणि इंजिन एका लयीत बोलत राहिलं.

आक्काचं घर गणेशपुरीत, टेकडीच्या कडेला. गाडी दाराशी थांबली तेव्हा आक्का ओट्यावर बसली होती. गाडीचा आवाज तिला आला नाही. सावली पायावर पडली तेव्हा तिने मान वर केली. ठमाबाईने आधी पाय बाहेर काढले, मग दाराला धरून उभी राहिली, आणि ओट्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. बोलून उपयोग नव्हता. तिने आक्काच्या गालांवर दोन्ही हात ठेवले. आक्काने ते हात धरले, हुंगले, आणि म्हणाली, "जवला आनलास." मग दोघी हसू लागल्या, आणि हसता हसता दोघींनी पदराला डोळे पुसले.

मितेश मागेच गाडी लावून उभा होता. त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

तुळशीराम बॉनेटपाशी गेला. एवढा रस्ता झाला, बघायला हवं. खिशातून फडकं काढलं, बॉनेटला हात घातला. मग थांबला. पायाखाली पाहिलं. रस्ता घराकडून खाली उतरत जात होता, चांगलाच. त्याने फडकं घडी करून परत खिशात ठेवलं.

"भावजी, तेल न्हाय बघत?" ठमाबाईने ओट्यावरून विचारलं.

"जागा सपाट न्हाय, वयनी," तुळशीराम म्हणाला. "असेल तेवढंच. घरी गेल्यावर गोदामात बघू."

आणि तो चहाला आत गेला.